सिबिल ६१४, रिपोर्टवर 'सेटल्ड', होमलोन अडकलंय. काय करावं?

सातपूरकरीण
नमस्कार मंडळी. इथे पैशाच्या विषयातले जाणकार बरेच आहेत म्हणून विचारतेय. मिस्टरांचं सातपूर एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. २०१९ मध्ये एका फायनान्स कंपनीकडून ४ लाखांचं पर्सनल लोन घेतलं होतं, हप्ते वेळच्या वेळी जात होते. मग लॉकडाऊन आला. मोरॅटोरियम (हप्ते थांबवायची सवलत) होतं तेवढे महिने निभावले पण नंतरही ऑर्डरी नव्हत्याच, हप्ते थकले, रोज फोन. २०२१ संपता संपता कंपनीनेच सेटलमेंटची ऑफर दिली, २ लाख ६० हजार बाकी होते ते १ लाख ५० हजार एकरकमी भरा आणि मोकळे व्हा. माझ्या पाटल्या मोडून भरले. लेटर मिळालं, विषय संपला.

आता धंदा सावरलाय, मी शाळेत नोकरीला आहे, पाथर्डी फाट्याला फ्लॅट बघितलाय. बँकेत गेलो तर मॅनेजरने स्क्रीन आमच्याकडे फिरवली, मिस्टरांचा सिबिल स्कोअर (आधीची कर्जं कशी फेडली त्यावरून मिळणारा आकडा) ६१४, लोनपुढे 'सेटल्ड', म्हणजे पूर्ण न भरता तडजोडीत मिटवलेलं. म्हणाला, फाईल मी वर पाठवली तरी तिकडून परत येईल. एक एजंट भेटलाय, १५ हजार द्या, ४५ दिवसांत ७५० करून देतो म्हणतो. मिस्टर तयार आहेत, माझा जीव होत नाहीये. सेटल्डचं काही करता येतं का? आणि किती दिवस लागतात?

ठाणे_लोकल
एजंटला एक रुपया देऊ नका. सविस्तर नंतर लिहितो, आत्ता गर्दीत उभा आहे.

चिमणराव_नाही
+१. आणि ओटीपी तर अजिबात देऊ नका त्याला.

निवृत्त_शाखाधिकारी
ताई, तीस-बत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात, म्हणून जरा लांबण लागेल, वाचा.

आधी रिपोर्ट हातात घ्या. नुसता स्कोअर नाही, पूर्ण रिपोर्ट. आपल्याकडे कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या म्हणजे क्रेडिट ब्युरो आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २०१७ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येकीने दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा आहे. त्यांच्याच वेबसाईटवरून घ्या. चारही घ्या, कारण एकीकडे दुरुस्त झालेलं दुसरीकडे तसंच राहिलेलं असतं, आणि बँक नेमका कुठला काढेल हे आपल्या हातात नसतं. आपला रिपोर्ट आपणच काढला तर स्कोअर कमी होत नाही, ही भीती मनातून काढा. कर्जासाठी अर्ज केल्यावर बँक जी चौकशी करते ती मात्र नोंदली जाते. म्हणून एका ठिकाणी नाही म्हटलं की लगेच दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या बँकेत अर्ज टाकत सुटू नका, सहा महिन्यांत आठ चौकश्या दिसल्या की आमच्यासारखा माणूस पहिला विचार करतो की याला पैशाची फार निकड आहे.

रिपोर्ट आला की त्या कर्जाच्या नोंदीवर जा. खाली महिन्यांचा तक्ता असेल, जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा, प्रत्येक महिन्याच्या चौकोनात आकडा. ००० म्हणजे त्या महिन्याला काही थकलेलं नाही. ०३०, ०६०, ०९० म्हणजे तितके दिवस उशीर. तीन एक्स दिसले तर त्या महिन्याची माहितीच आलेली नाही. काही ठिकाणी आकड्याऐवजी एसटीडी किंवा एसयूबी अशी अक्षरं असतात, पहिलं म्हणजे खातं चांगलं, दुसरं म्हणजे ९० दिवसांच्या वर थकून एनपीए, म्हणजे बँकेच्या भाषेत अनुत्पादक, झालेलं.

आता तुमच्या कामाची गोष्ट. मार्च ते ऑगस्ट २०२० हे मोरॅटोरियमचे महिने. ज्यांनी सवलत घेतली त्यांचे त्या काळातले न भरलेले हप्ते थकबाकी म्हणून कळवायचे नाहीत असं रिझर्व्ह बँकेने स्पष्ट सांगितलं होतं. त्या चौकोनांत जर दिवस वाढत गेलेले दिसत असतील तर ती चूक आहे आणि ती दुरुस्त करून मिळते. सगळ्यात आधी तेवढं बघा.

सेटल्डचं उद्या लिहितो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डोळ्यात पाणी येतंय.

सातपूरकरीण
काका, किती आभार मानू. डोळ्यांची काळजी घ्या, घाई नाही. तक्ता आम्ही बघितलाच नव्हता, मॅनेजरने नुसता आकडा दाखवला.

नागपुरी_तडका
मला एक समजत नाही. कंपनीने स्वतः लेखी दिलं ना की एवढे भरा आणि हिशोब पूर्ण? मग सात-सात वर्षं त्या माणसाच्या कपाळावर शिक्का कशाला? मोठमोठ्या उद्योगपतींची हजारो कोटींची कर्जं राइट ऑफ होतात तेव्हा कोणी स्क्रीन फिरवून दाखवत नाही. इथे बायकोच्या पाटल्या मोडून दीड लाख भरणाऱ्याला मात्र दारात उभं करत नाहीत. मी तर म्हणतो ताई एक पैसा जास्त भरू नका.

निवृत्त_शाखाधिकारी
@नागपुरी_तडका, तुमचा राग कळतो. पण राइट ऑफ म्हणजे माफी नव्हे. बँक ते कर्ज आपल्या ताळेबंदातून काढते, वसुली चालूच राहते, आणि घेणाऱ्याच्या रिपोर्टवर 'रिटन ऑफ' दिसतंच, तो सेटल्डहून वाईट शेरा आहे. मोठ्यांना पुन्हा कर्ज कसं मिळतं हा वेगळा आणि खरा प्रश्न आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

ताईंचं बघू. कायद्याने तुम्ही आज त्या कंपनीचं काही देणं लागत नाही. लेटर आहे ना, ते प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट ठेवा. पण नवीन बँक विचार करते तो असा, की या माणसाने मागच्याचे १ लाख १० हजार बुडवले, कारण काही का असेना. म्हणून 'सेटल्ड'चं 'क्लोज्ड' करायचा एकच सरळ रस्ता आहे. त्या कंपनीला लिहा की उरलेली रक्कम भरायची तयारी आहे, किती भरावं लागेल ते लेखी कळवा, आणि भरल्यावर खातं 'क्लोज्ड' म्हणून चारही ब्युरोंना कळवाल हेही त्याच पत्रात लिहून द्या. पत्र हातात आल्याशिवाय पैसे भरू नका. फोनवरच्या माणसाच्या शब्दावर तर मुळीच नाही, तो पुढच्या महिन्यात नोकरीवर असेलच असं नाही. पैसे थेट कर्जखात्यात, पावती, मग नो ड्यूज सर्टिफिकेट.

जुने उशीर मात्र पुसले जात नाहीत. ते इतिहासात राहतात, नवीन चांगले महिने जमत गेले की त्यांचं वजन कमी होतं, एवढंच. ब्युरोंना माहिती किमान सात वर्षं ठेवावी लागते.

वसईचा_बाव
काकांच्या पोस्टला जोडून. आधी ते लोन अजून त्याच कंपनीकडे आहे का बघा. माझ्या मेव्हण्याचं लोन कंपनीने एका एआरसीला विकून टाकलेलं, म्हणजे थकीत कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला. हा बिचारा जुन्या कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसात खेटे घालतोय, ते म्हणतात आमच्याकडे तुमचं खातंच नाही. रिपोर्टवर एकच कर्ज दोन नावांखाली दिसत होतं, दोन्हीकडे बाकी. शेवटी एआरसीकडून एनओसी घेतली, ती जुन्या कंपनीला दाखवली, मग दोन्ही नोंदी सरळ झाल्या.

ठाणे_लोकल
आलो. एजंटचं लिहितो, कारण माझ्या ऑफिसातल्या दोघांनी पैसे घातलेत.

हे लोक करतात काय, तर तुमच्या नावाने ब्युरोच्या साईटवर लॉगिन करतात आणि दिसेल त्या नोंदीवर डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाकतात. डिस्प्यूट टाकणं फुकट आहे, तुम्हीही दहा मिनिटांत टाकू शकता. ब्युरो स्वतः काही बदलत नाही, ते बँकेला विचारतात आणि बँक 'नोंद बरोबर आहे' म्हणाली की संपलं. खरी असलेली नोंद कोणीही काढू शकत नाही. मधल्या काळात नोंदीपुढे 'तक्रार चालू' असा शेरा दिसतो, तेच दाखवून उरलेले पैसे घेतात. आणि तुमचं पॅन, आधार, मोबाईल, ओटीपी सगळं त्यांच्याकडे गेलेलं असतं, हे मला १५ हजारांपेक्षा जास्त भयानक वाटतं. त्या दोघांपैकी एकाच्या रिपोर्टमध्ये नंतर दोन अशा लोन ॲपच्या चौकश्या निघाल्या ज्यांचं त्याने नावही ऐकलं नव्हतं.

मिस्टरांना हे वाचून दाखवा.

सातपूरकरीण
वाचून दाखवलं. एजंट कॅन्सल :)

कृष्णाकाठ
मी सांगलीचा. आमच्याकडं वेगळाच प्रकार. मी कर्ज घेतलंच नाही, मित्राच्या ट्रॅक्टरला जामीन राहिलो. त्याचा ऊस दोन वर्षं पाण्याखाली गेला, हप्ते थांबले, आणि माझ्या रिपोर्टमध्ये ते खातं 'गॅरंटर' म्हणून थकीत. मला कळलं कधी, तर पोरीच्या एज्युकेशन लोनला गेलो तेव्हा. जामीन म्हणजे नुसती सही असं आपल्याकडं अजून समजतात, लग्नात साक्षीदार राहिल्यासारखं. ती सही म्हणजे कर्ज तुमचंच. मित्राशी भांडण नाही, त्याचा दोष नाही, पूर आलावता. दोघांनी मिळून थकबाकी भरून खातं रेग्युलर करून घेतलं. आता कोण जामीन मागायला आला तर चहा पाजतो आणि खातं ऑनलाईन बघता येईल का तेवढं विचारतो.

मोगरा
@कृष्णाकाठ पोरीच्या एज्युकेशन लोनचं झालं का पुढे? २०२३ ला केरळ उच्च न्यायालयाने म्हटलेलं की विद्यार्थ्याचा सिबिल कमी आहे एवढ्याच कारणावरून शैक्षणिक कर्ज नाकारू नका, माणुसकीने बघा. आमच्या भाचीच्या वेळी तो निकाल छापून नेला होता बँकेत.

कृष्णाकाठ
झालं. आईला सहकर्जदार केलं, तिचा रिपोर्ट स्वच्छ होता. पोरगी आता पुण्यात दुसऱ्या वर्षाला आहे.

पांढरकवडा_एक्सप्रेस
ट्रॅक्टर निघालाच आहे तर शेतकऱ्यांचं बोला. आमच्या यवतमाळकडे पीककर्जाला गेलं की पहिला प्रश्न सिबिल. अरे कापसाला भाव नाही, पाऊस नाही, तिथे सिबिल कुठून चांगलं येणार? २०१७ ची कर्जमाफी झाली, २०१९ ला महात्मा जोतिराव फुले योजना आली, दोन लाखांपर्यंतचं माफ झालं. ज्यांचं माफ झालं त्यांनी सरकारचं ऐकलं एवढाच गुन्हा, आणि काहींच्या खात्यावर नंतरही जुना शेरा तसाच. मे २०२५ मध्ये मुख्यमंत्री फडणवीसांनी बँकांना बजावलं की पीककर्जाला सिबिल मागितलं तर कारवाई करू. गावच्या शाखेत जाऊन सांगितलं तर म्हणतात आम्हाला वरून लेखी आलेलं नाही.

निवृत्त_शाखाधिकारी
@पांढरकवडा_एक्सप्रेस, गावच्या शाखेने तोंडी नाही म्हटलं तर तिथेच थांबू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि नकाराचं कारण लेखी मागा. तोंडी नकाराला पुरावा नसतो, लेखी नकार जिल्हा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे नेता येतो, तो बसतो जिल्ह्याच्या ठिकाणी आणि या तक्रारी ऐकणं त्याचं कामच आहे. मी ग्रामीण शाखेत असताना लेखी अर्ज आला की तो बाजूला ठेवणं जड जायचं.

माफी मिळालेल्या खात्याचंही तसंच. माफीचं प्रमाणपत्र आणि खाते उतारा जोडून आधी बँकेला पत्र, मग ब्युरोकडे तक्रार.

हास्यकल्लोळ
सिबिलवरून लग्नं मोडतायत राव आता. मूर्तिजापूरची बातमी वाचली होती का, बैठकीत मुलीच्या मामाने मुलाचा सिबिल बघायला मागितला, कर्जच कर्ज निघाली, आणि मामा उठलाच. आता बायोडाट्यात रास, नाडी, गण, सिबिल.

मोगरा
मामाचं काही चुकलं नाही. उद्या तीच कर्जं मुलीच्या डोक्यावर येणार.

नागपुरी_तडका
पण माणूस बघाल की आकडा? सातपूरच्या ताईंच्या मिस्टरांचं लग्नाचं वय असतं तर यांनाही नकारच मिळाला असता. ज्याने दिवसरात्र राबून वर्कशॉप पुन्हा उभं केलं त्याला.

मोगरा
ते मान्य. बघून विचारावं, कशामुळे झालं ते. बघूच नये असं नाही म्हणणार मी.

फोंडेकर
आमच्या फोंड्यातला किस्सा लिहितो, कोणाला उपयोगी पडेल. माझ्या रिपोर्टमध्ये एक टू-व्हीलर लोन, थकीत, कोल्हापूरच्या पत्त्यावर. मी आयुष्यात कोल्हापूरला गाडी घेतली नाही. नाव आणि वडलांचं नाव सारखं, जन्मतारीख जवळची, पॅनमध्ये एका अक्षराचा फरक. डिस्प्यूट टाकला, ज्या फायनान्सवाल्यांचं लोन त्यांनाही मेल केला, पॅन आणि आधारची कॉपी जोडून. त्यांचं एकच उत्तर, तपासणी चालू आहे.

तेव्हा कळलं की नियम आता बराच कडक झालाय. २६ एप्रिल २०२४ पासून तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची आहे. त्या तीसपैकी २१ दिवस कर्ज देणाऱ्याचे, उरलेले ब्युरोचे, ज्याच्यामुळे उशीर त्याने भरायचे. मी मेलमध्ये हे तारखेसकट लिहिलं आणि वर लिहिलं की आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातो. पुढच्याच आठवड्यात लोन गायब, माफीचा मेल, आणि उशिराच्या दिवसांचे पैसे खात्यात. पैसे थोडेच होते, पण बायको म्हणाली फ्रेम करून लावा.

सातपूरकरीण
@फोंडेकर लोकपालाकडे कसं जायचं? वकील लागतो का?

फोंडेकर
नाही ताई, वकील नको, फी नाही. रिझर्व्ह बँकेचं सीएमएस पोर्टल आहे, त्यावर ऑनलाईन तक्रार. १४४४८ वर फोन करूनही माहिती मिळते. अट एवढीच की आधी त्या कंपनीकडे लेखी तक्रार केलेली पाहिजे आणि ३० दिवस वाट बघितलेली पाहिजे. ब्युरोंविरुद्धची तक्रारही आता तिथे चालते, सप्टेंबर २०२२ पासून.

जर्सीतली_मावशी
इकडचं सांगते. अमेरिकेत आले तेव्हा माझा भारतातला एवढा छान रेकॉर्ड, इथे शून्य. इथला फिको स्कोअर ३०० ते ८५०, भारतातलं काही धरत नाहीत. नवऱ्याची नोकरी चांगली असून भाड्याच्या घराला जास्त डिपॉझिट मागितलं. शेवटी बँकेत ५०० डॉलर ठेवून त्यावर सिक्युअर्ड कार्ड घेतलं, किराणा त्यावर आणि महिन्याला पूर्ण बिल. हळूहळू वर आला. भारतातून नवीन येणाऱ्या मुलांना मी पहिलं हेच सांगते. आणि निघताना तिकडची कार्डं नीट बंद करून लेखी घेऊन या गं बाळांनो, परत गेलात की तिथेच गाठतात.

ठाणे_लोकल
मावशी, हेच भारतातही चालतं. एफडीवर कार्ड मिळतं, २०-२५ हजारांची एफडी ठेवली की त्याच्या ८०-९० टक्के लिमिट, स्कोअर खराब असला तरी देतात कारण बँकेकडे एफडी आहेच. ताई, मिस्टरांच्या नावाने हे आजच घ्या. लिमिट २० हजार असेल तर ५-६ हजारांच्या वर खर्च करू नका. ते ३० टक्क्यांचं गणित रिझर्व्ह बँकेचा नियम नाही पण कर्ज देणारे बघतात. नुसतं मिनिमम ड्यू (किमान रक्कम) भरून थांबायचं नाही, पूर्ण बिल भरायचं.

हिशोबनीस
थोडं वेगळं मत. स्कोअरसाठी म्हणून कर्ज घेणं मला पटत नाही. कोणी म्हणतं छोटं गोल्ड लोन घ्या, कोणी म्हणतं हप्त्यावर मोबाईल घ्या, रेकॉर्ड तयार होतो. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाकडे सात वस्तू शून्य टक्क्यावर, फोन, फ्रिज, अगदी बूट. प्रत्येक वस्तू म्हणजे रिपोर्टमध्ये एक लोन. एक हप्ता चुकला की तेवढाच शेरा. एफडीवरचं कार्ड ठीक, पैसे आपलेच आहेत आणि वीजबिल, किराणा आपण करणारच असतो. बाकी कर्ज गरज असेल तरच. आणि हप्ता जातो त्या खात्यात एक जास्तीचा हप्ता कायम पडून असू द्या, निम्मे उशीर पैसे नसल्यामुळे होत नाहीत, पगार ७ ला आणि हप्ता ५ ला यामुळे होतात. तारीख बदलून मागता येते.

मोगरा
@हिशोबनीस शेवटचं वाक्य सोन्याचं.

गृहकर्ज_डेस्क
मी होमलोनच्या कामात आहे. ताई, एक साधी गोष्ट कोणीच बोललं नाही. तुमचा स्वतःचा रिपोर्ट काढलात का? शाळेत परमनंट असाल, पगार बँकेत येत असेल आणि तुमचा रेकॉर्ड चांगला असेल तर कर्ज फक्त तुमच्या नावावर का नाही? अट एकच, फ्लॅटही फक्त तुमच्या नावावर घ्या. मिस्टरांचं नाव ॲग्रीमेंटमध्ये आलं की बँक त्यांना सहकर्जदार करणार आणि पुन्हा तोच ६१४ समोर. कर्ज थोडं कमी मिळेल कारण एकाच पगारावर. पण महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, २०२१ पासून. चाळीस लाखांच्या फ्लॅटवर चाळीस हजार वाचले.

काही जण सांगतील की हाउसिंग फायनान्स कंपनीकडे जा, त्या ६१४ लाही देतात. देतात, व्याज दीड-दोन टक्के जास्त लावून. अडलंच असेल तर घ्या, फ्लोटिंग (बदलता) रेटच घ्या, कारण फ्लोटिंगला मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही, दोन वर्षांत स्कोअर सुधारला की बँकेत ट्रान्सफर करता येतं.

सातपूरकरीण
माझा रिपोर्ट काढायचं डोक्यातच आलं नव्हतं! माझ्या नावावर कधी काही घेतलंच नाही. काढते.

चिमणराव_नाही
काही घेतलं नसेल तर स्कोअर -१ किंवा एनएच दिसेल, घाबरू नका. इतिहास नाही एवढ्यावरून पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये असं रिझर्व्ह बँकेने सांगितलंय, २०२५ मध्ये सरकारने लोकसभेतही हेच उत्तर दिलं. बँक पगार आणि बाकीचं बघेल.

बँकपरीक्षार्थी
जाता जाता, बँकेच्या परीक्षा देणाऱ्या मुलांनी हा धागा नीट वाचा. आमच्या ग्रुपमधले कितीजण लोन ॲपवरून पाच-पाच हजार उचलतात. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने खराब सिबिलमुळे स्टेट बँकेने रद्द केलेली नेमणूक योग्य ठरवली. अभ्यास करून पास व्हायचं आणि जॉइनिंगला हे आडवं यायचं.

सातपूरकरीण
मंडळी, बऱ्याच दिवसांनी येतेय, पण सांगण्यासारखं आहे म्हणून.

चारही रिपोर्ट काढले. काका, तुम्ही म्हणालात तसंच होतं. एप्रिल २०२० पासून चौकोनांत ०३०, ०६०, ०९० चढत गेलेले, जेव्हा मोरॅटोरियमचा कन्फर्मेशन मेसेज आमच्याकडे होता. मिस्टरांच्या जुन्या फोनमध्ये सापडला. तो स्क्रीनशॉट लावून डिस्प्यूट टाकला, कंपनीने मान्य केलं, आता ते महिने सरळ झालेत.

दुसरं, एका ब्युरोत एक क्रेडिट कार्ड निघालं, 'रिटन ऑफ', २,३४० रुपये. कुठलं कार्ड? तर लोन घेतलं त्याच वर्षी कुरियरने आलं होतं, पाकीटही फोडलं नव्हतं, कपाटात तसंच. वार्षिक फी आणि त्यावरचं व्याज. पाकिटासकट शाखेत घेऊन गेलो. तिथल्या मॅडमनी बघितलं, कार्ड कधी ॲक्टिव्हेटच झालेलं नाही, फी रद्द केली आणि नोंद काढायला लिहून दिलं. न वापरलेल्या कार्डासाठी माणसाला बुडवा ठरवतात, याचा मला अजून राग येतो.

सेटल्डचं. घरात खूप चर्चा झाली. @नागपुरी_तडका, तुमचं म्हणणं सासऱ्यांना तंतोतंत पटलं होतं. पण मिस्टर म्हणाले, पुढे मशीनसाठी कर्ज लागणार, दरवेळी मान खाली घालून बसायचं नाही. कंपनीला पत्र लिहिलं, त्यांनी दंडव्याज सोडून ९२ हजार सांगितले, 'क्लोज्ड' करू हे लेखी दिलं, मगच भरले. नो ड्यूज मिळालं.

स्कोअर आता ६७१. एफडीवरचं कार्ड चालू आहे, वेल्डिंग रॉडचं बिल त्यावर जातं. तो फ्लॅट गेला, मालकाला थांबणं शक्य नव्हतं. पण माझ्या एकटीच्या नावावर कर्ज मंजूर होतंय असं बँकेने तोंडी सांगितलंय, दुसरा बघतोय, जरा छोटा.

नागपुरी_तडका
ताई जबरदस्त. माझं मत तेच आहे पण मिस्टरांना सलाम सांगा.

हास्यकल्लोळ
वास्तुशांतीला अख्खा धागा येणार, जेवण मोजून करा.

वसईचा_बाव
एक काम राहिलं. नो ड्यूज मिळालं म्हणजे चारही ठिकाणी बदललं असं नाही हां. तपासा.

निवृत्त_शाखाधिकारी
अभिनंदन ताई. वसईकर म्हणतात ते खरं. जानेवारी २०२५ पासून कर्ज देणाऱ्यांनी किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवायची आहे, त्यामुळे एक-दीड महिन्यात चारही ठिकाणी 'क्लोज्ड' आणि बाकी शून्य दिसायला हवी. जिथे दिसणार नाही तिथे नो ड्यूज जोडून लगेच डिस्प्यूट. आणि तोंडी मंजुरीवर बिल्डरला टोकन देऊ नका, सँक्शन लेटर आधी.

सातपूरकरीण
हो काका. तीन ठिकाणी झालंय, चौथीकडे आजच टाकते. लेटर आल्याशिवाय टोकन नाही.

देवगड_हापूस
उशिरा आलो धाग्यावर. आईच्या नावाने कोणीतरी बचतगटाचं कर्ज उचललंय असं वाटतंय, वसुलीवाला घरी येऊन गेला. तिच्याकडे स्मार्टफोन नाही. रिपोर्ट कसा काढू?

फोंडेकर
तिच्या पॅन आणि आधारला जोडलेला साधा फोन असला तरी ओटीपी येतो, तुझ्या लॅपटॉपवर तिच्यासमोर बसून काढ. मायक्रोफायनान्सचं असेल तर क्रिफ हाय मार्कचा रिपोर्ट आधी काढ. वसुलीवाल्याकडून कर्जाचा खाते क्रमांक आणि सहीच्या कागदाची कॉपी लेखी माग, तोपर्यंत आईने कशावरही अंगठा किंवा सही करायची नाही आणि एक रुपयाही द्यायचा नाही. खोटं निघालं तर पोलिसांत तक्रार, तिची प्रत कंपनीला आणि ब्युरोला. नवीन धागा काढ, तिथे बोलू.